लाक्विला : १५६ तास

इटलीत ‘मोठ्या जोखमींचा राष्ट्रीय आयोग’ आहे. भूकंप, ज्वालामुखी, पूर, दरडी अशा संकटांबद्दल विज्ञानाला आज काय ठाऊक आहे आणि काय नाही, हे देशाच्या नागरी संरक्षण विभागाला सांगणं हे त्याचं काम. शाळा बंद ठेवायच्या का, गाव हलवायचं का, हे आयोगानं ठरवायचं नाही. ते सरकारनं ठरवायचं. कागदावर ही विभागणी चोख आहे.

२००९ च्या मार्चअखेरीस हा आयोग लाक्विला शहरात तासभर बसला. सहाव्या दिवशी पहाटे शहर कोसळलं आणि ३०९ माणसं गेली. पुढं आयोगाच्या बैठकीला बसलेल्या सात जणांवर खटला चालला, तेव्हा जगभरच्या वर्तमानपत्रांनी ‘भूकंपाचं भाकीत केलं नाही म्हणून शास्त्रज्ञांना शिक्षा’ अशा अर्थाचे मथळे दिले. हजारो शास्त्रज्ञांनी निषेधाच्या पत्रावर सह्या केल्या. मथळा सोपा होता, आणि चुकीचा होता. भूकंप अमुक दिवशी अमुक ठिकाणी होईल हे कुणालाच सांगता येत नाही, आणि लाक्विलाकरांनी ते मागितलंही नव्हतं. त्यांची तक्रार वेगळी होती. ती समजून घ्यायची तर घड्याळ मागं न्यावं लागतं.

१५६ तास आधी. सोमवार, ३० मार्च, दुपारचे ३.३८

जमीन जानेवारीपासून हलत होती. बहुतेक धक्के यंत्रालाच कळावेत इतके बारीक, काही मात्र फळीवरची भांडी वाजवणारे. सोमवारी दुपारचा धक्का ४.१ तीव्रतेचा होता. शाळा रिकाम्या झाल्या, कचेऱ्यांतली माणसं रस्त्यावर आली.

लाक्विला रोमपासून शंभरेक किलोमीटरवर, आपेन्नीन डोंगरांतल्या एका खोऱ्यात आहे. वस्ती सत्तर हजारांच्या आसपास. अब्रुझ्झो प्रांताची राजधानी आणि विद्यापीठाचं शहर. भूकंपानं ते १३४९, १४६१ आणि १७०३ साली उद्ध्वस्त केलं होतं. २ फेब्रुवारी १७०३ च्या भूकंपात हजारो माणसं मेली. त्या आठवणीतून तिथं एक रीत पडली. जोराचा धक्का बसला की पांघरुणं उचलायची, म्हाताऱ्यांना आणि पोरांना घेऊन घराबाहेर पडायचं, रात्र चौकात काढायची. अलीकडच्या काळात मोटारीत. ही रीत कुठल्या सरकारी पुस्तिकेत नव्हती. आजीनं आईला सांगितली, आईनं मुलांना. दगडमातीच्या जुन्या घरांत राहणाऱ्या गावाला तिच्याइतका स्वस्त आणि भरवशाचा बचाव दुसरा नव्हता, असं मी पूर्ण जबाबदारीनं म्हणतो.

याच दिवसांत जाम्पाओलो जुलियानी हे नाव सगळ्यांच्या तोंडी होतं. ग्रान सास्सो डोंगराखालच्या भौतिकशास्त्राच्या प्रयोगशाळेतला हा तंत्रज्ञ. जमिनीतून निघणारा रेडॉन वायू मोजण्याची यंत्रं त्यानं स्वतः बनवली होती आणि वायूच्या चढउतारावरून भूकंप आधी कळतो, असा त्याचा दावा होता. लाक्विलाच्या आग्नेयेला असलेल्या सुल्मोना गावात २९ मार्चला मोठा भूकंप येणार, असं त्याच्या नावावर पसरलं आणि गाव घाबरून गेलं. तसा भूकंप आला नाही. लोकांत घबराट पसरवल्याबद्दल त्याच्यावर तक्रार झाली आणि इंटरनेटवरची माहिती काढून टाकायला सांगण्यात आलं. रेडॉनवरून भूकंपाचं भरवशाचं भाकीत करता येतं, हे आजही सिद्ध झालेलं नाही. सुल्मोनाची माणसं त्याचं ऐकून घरं सोडून निघाली असती, तर कदाचित लाक्विलातच आसऱ्याला आली असती.

तरी या माणसानं नकळत एक गोष्ट केली. त्यानं एक प्रश्न समोर टाकला, ‘भूकंप येणार की नाही?’ आणि सरकार त्याच प्रश्नाचं उत्तर द्यायला निघालं.

त्याच दिवशी, एक फोन

नागरी संरक्षण विभागाचे प्रमुख होते ग्विदो बेर्तोलासो. इटलीतले फार मोठ्या वजनाचे अधिकारी. त्या दिवशी त्यांनी अब्रुझ्झो प्रांताच्या नागरी संरक्षणाची जबाबदारी असलेल्या दानिएला स्ताती यांना फोन केला. पोलीस एका वेगळ्याच प्रकरणात बेर्तोलासो यांचा फोन ऐकत होते. त्यामुळे हे संभाषण ध्वनिमुद्रित झालं आणि २०१२ च्या जानेवारीत इटलीच्या वर्तमानपत्रांत छापून आलं.

आधी बेर्तोलासो यांनी स्तातींना खडसावलं. यापुढे धक्के अपेक्षित नाहीत, असं प्रांताच्या यंत्रणेनं जाहीर केलं होतं. भूकंपाबाबत असं विधान कुणी छळ केला तरी करायचं नसतं, असं ते म्हणाले. अगदी बरोबर बोलले. पण पुढं त्यांनी सांगितलं की उद्या देशातले सर्वांत मोठे भूकंपतज्ज्ञ तुमच्याकडे पाठवतो. बैठक रोमला नाही, लाक्विलातच होईल. हा मुख्यतः माध्यमांसाठीचा कार्यक्रम आहे. तज्ज्ञ लोकांना सांगतील की ही नेहमीची गोष्ट आहे, आणि चार तीव्रतेचे शंभर धक्के बसलेले बरे, कारण त्यातून ऊर्जा निघून जाते आणि मोठा धक्का बसत नाही.

बैठक अजून व्हायची होती. सातांपैकी एकानंही अजून तोंड उघडलेलं नव्हतं. निष्कर्ष मात्र तयार होता.

ऊर्जेचा हिशोब इथंच करून टाकू, कारण तो शाळेतल्या गणिताचा आहे. भूकंपाची तीव्रता एका अंकानं वाढली की बाहेर पडणारी ऊर्जा साधारण ३२ पटींनी वाढते. चार तीव्रतेच्या आणि ६.३ तीव्रतेच्या धक्क्यांमध्ये ऊर्जेचा फरक जवळपास २,८०० पटींचा. म्हणजे सहाच्या वरचा एक भूकंप ‘किरकोळीत’ निघून जायचा, तर चार तीव्रतेचे शंभर नव्हे, अडीच-तीन हजार धक्के बसायला हवेत. लाक्विलात त्या तीव्रतेचा धक्का तोवर जेमतेम एक बसला होता. लहान धक्क्यांनी मोठा टळतो, या समजुतीला भूकंपशास्त्रात आधार नाही. हे त्या खोलीत बसणाऱ्या प्रत्येक भूकंपशास्त्रज्ञाला ठाऊक होतं.

१२९ तास आधी. मंगळवार, ३१ मार्च, संध्याकाळचे ६.३०

बैठकीला बसण्याआधी बेर्नार्दो दे बेर्नार्दिनिस यांना स्थानिक दूरचित्रवाणीनं गाठलं. हे बेर्तोलासो यांचे उपप्रमुख. मूळचे जलशास्त्राचे अभियंते. भूकंप हा त्यांचा विषय नव्हे. कॅमेऱ्यासमोर त्यांनी सांगितलं की धोका नाही, उलट परिस्थिती अनुकूल आहे, कारण ऊर्जा सतत बाहेर पडते आहे. असं शास्त्रज्ञ मला सांगतात. मग निवांत बसून वाइनचा एक प्याला घ्यायला हरकत नाही ना, असं वार्ताहरानं विचारलं. त्यांनी होकार दिला आणि जवळपासच्या मोन्तेपुल्चानो वाइनचं नावही घेतलं.

मुलाखत बैठकीआधी झाली, पण लोकांनी ती पाहिली बैठकीनंतर. शास्त्रज्ञ येऊन गेले आणि हा त्यांचा निष्कर्ष, असंच शहराला वाटलं. दुसरं काय वाटणार?

आत टेबलाभोवती कोण होतं, हे नीट बघायला हवं. अध्यक्षस्थानी फ्रांको बार्बेरी, ज्वालामुखींचे अभ्यासक. एन्झो बोस्की, देशाच्या भूभौतिकी आणि ज्वालामुखी संस्थेचे अध्यक्ष. जुलिओ सेल्वाज्जी, राष्ट्रीय भूकंप केंद्राचे संचालक. जेनोवा विद्यापीठाचे क्लाउदिओ एवा. भूकंपरोधक बांधकामातले जाणते जान मिकेले काल्वी. माउरो दोल्चे, विभागातल्या भूकंप-जोखीम शाखेचे प्रमुख. आणि मघाचेच दे बेर्नार्दिनिस. यांच्याखेरीज महापौर मास्सिमो चालेन्ते, दानिएला स्ताती आणि स्थानिक अधिकारी. म्हणजे ज्यांनी सल्ला द्यायचा आणि ज्यांनी तो घ्यायचा, असे दोघेही एकाच टेबलाशी आणि एकाच यादीत. सातांपैकी दोघं तर बैठक बोलावणाऱ्या विभागाचेच. बाकीच्यांची विद्वत्ता वादातीत होती. पण बैठक कुठं घ्यायची, कधी घ्यायची, किती वेळ चालवायची आणि शेवटी लोकांशी कुणी बोलायचं, यांपैकी एकही गोष्ट त्यांनी ठरवलेली नव्हती. तज्ज्ञ स्वतंत्र आहेत की नाहीत, हे मी त्यांच्या पदव्यांवरून तपासत नाही. या चार गोष्टींवरून तपासतो.

बैठक तासभर चालली. काय बोललं गेलं ते इतिवृत्तावरून कळतं. १७०३ सारखा भूकंप नजीकच्या काळात येण्याचा संभव कमी आहे, मात्र तो पूर्णपणे नाकारता येत नाही, असं बोस्की म्हणाले. लहान धक्क्यांची मालिका ही मोठ्या भूकंपाची हमखास चाहूल मानायला आधार नाही, असा एकंदर सूर होता. जुलियानीच्या भाकितांना शास्त्रीय पाया नाही, हेही ठरलं. स्तातींनी तज्ज्ञांचे आभार मानले. तुमच्या या विधानांमुळं मला माध्यमांतून लोकांना धीर देता येईल, असं त्या म्हणाल्या.

यातलं एकेक वाक्य सुटं काढून तपासा, शास्त्रीय चूक सापडणार नाही. अडचण जे बोललं गेलं नाही त्यात आहे. ‘संभव कमी’ म्हणजे कशाच्या तुलनेत कमी? जगभरचा अनुभव असा की एखाद्या भागात धक्क्यांची मालिका सुरू झाली की मोठ्या भूकंपाची शक्यता एरवीपेक्षा कित्येक पटींनी, कधी शंभर पटींनीही वाढते. आणि एवढी वाढूनही एका दिवसापुरती ती सहसा एक टक्क्याच्या आतच राहते. ही दोन्ही विधानं एकाच वेळी खरी आहेत. शहराला दोन्ही ऐकायचा हक्क होता. शहराच्या वाट्याला त्यातलं अर्धंच आलं, तेही धीर देणारं अर्धं.

दुसरी गोष्ट मला अधिक बोचते. भूकंप सहसा माणूस मारत नाही, घर मारतं, आणि लाक्विलाच्या घरांबद्दल या मंडळींना भरपूर माहीत होतं. इटलीच्या भूकंप-धोक्याच्या नकाशावर लाक्विलाचा पट्टा गडद रंगात आहे, आणि तो नकाशा बोस्कींच्याच संस्थेचा. दक्षिणेकडच्या प्रांतांतल्या सरकारी इमारती किती तकलादू आहेत, याची मोठी पाहणी १९९९ साली झाली होती. अब्रुझ्झो त्यात होतं, आणि ती पाहणी ओळखली जाते ती बार्बेरींच्याच नावानं. काल्वी आणि दोल्चे यांचं तर आयुष्य इमारती तपासण्यात गेलं होतं. भूकंप कधी येईल ते माहीत नाही, पण तो आला तर कुठल्या भिंती आधी पडतील याचा अंदाज आहे, असं म्हणू शकणारी माणसं त्या टेबलाशी होती. इतिवृत्तात तो धागा कुणी शेवटपर्यंत नेल्याचं दिसत नाही. कारण तसं कुणी विचारलंच नव्हतं. विचारलं होतं ते जुलियानीबद्दल.

अमेरिकी भूकंपशास्त्रज्ञ थॉमस जॉर्डन यांनी नंतर नेमकं यावरच बोट ठेवलं. ‘येणार की नाही’ या हो-नाहीच्या प्रश्नात आयोग अडकला. अफवेला उत्तर द्यायच्या भरात जोखीम सांगायची राहून गेली.

१२८ तास आधी. संध्याकाळचे साडेसात

बैठक संपली. बहुतेक शास्त्रज्ञ गाड्यांत बसून परत निघाले. पत्रकारांसमोर बसले बार्बेरी, दे बेर्नार्दिनिस, महापौर आणि स्ताती. आयोगानं स्वतःच्या सहीनं, स्वतःच्या शब्दांत लोकांसाठी एकही निवेदन काढलं नाही. ‘पूर्णपणे नाकारता येत नाही’ हे बोस्कींचं वाक्य बोस्कींच्या तोंडून शहरानं ऐकलं नाही. त्या रात्री आणि दुसऱ्या दिवशी घरोघरी पोचलं ते एवढंच: ऊर्जा निघून जाते आहे, हे बरं लक्षण आहे, घाबरू नका.

देशातल्या सर्वांत मोठ्या भूकंपशास्त्रज्ञांनी एवढं तरी पाहायला हवं होतं, की आपल्या नावावर बाहेर काय सांगितलं जातंय. दूरचित्रवाणीवर ऊर्जेचा तो सिद्धान्त आल्यावर दुसऱ्या दिवशी सकाळी एक फोन, एक खुलासा, वर्तमानपत्राला चार ओळी. पाच दिवस हातात होते. सातांपैकी कुणीही जाहीर खुलासा केला नाही.

मधले दिवस

धक्के चालूच राहिले. लोक कामावर जात राहिले.

मराठी वाचकाला इथं किल्लारी आठवल्याशिवाय राहणार नाही. १९९२ च्या ऑगस्टपासून ऑक्टोबरपर्यंत किल्लारीच्या परिसरात धक्के बसत होते. माणसं भ्यायली, बाहेर झोपली. मग धक्के ओसरले. त्या वेळच्या सरकारी नकाशात तो भाग भूकंपाच्या सर्वांत कमी धोक्याच्या पट्ट्यात होता. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे, अनंत चतुर्दशीची मिरवणूक आटोपून गावं झोपलेली असताना, चार वाजायच्या सुमारास मातीच्या जाड धाब्यांखाली सुमारे आठ हजार माणसं गेली. दोन्ही ठिकाणांत फरक मोठा आहे. किल्लारीच्या जमिनीचा धोका फारसा कुणाला ठाऊकच नव्हता; लाक्विलाच्या जमिनीचा धोका सातशे वर्षं ठाऊक होता. पण धक्क्यांची सवय होणं, आणि ‘काही होत नाही’ असं कुणीतरी मोठ्या माणसानं म्हणण्याची वाट बघणं, हे किल्लारीत आणि आपेन्नीनच्या खोऱ्यात सारखंच असतं. पालघरमध्ये डहाणू-तलासरीच्या पाड्यांवर २०१८ च्या नोव्हेंबरपासून असेच धक्के बसत राहिले. कडाक्याच्या थंडीत माणसं मुलाबाळांना घेऊन तंबूत झोपली. त्यांनाही हेच विचारायचं होतं: घरात जायचं की नाही?

४ तास ४४ मिनिटं आधी. रविवार, ५ एप्रिल, रात्रीचे १०.४८

ईस्टरच्या आधीचा रविवार. ऑलिव्हच्या फांद्या हातात घेऊन लोक सकाळी चर्चमध्ये जाऊन आले होते. दुसऱ्या दिवशी सोमवार, म्हणून बहुतेक घरांतले दिवे लवकर मालवले होते. पावणेअकराच्या पुढं ३.९ तीव्रतेचा धक्का बसला.

आता शहराचे दोन भाग झाले. काही घरांतली वडीलधारी माणसं काही न बोलता उठली, पांघरुणं घेतली आणि खाली उतरली. त्यांना मंगळवारची बैठक ठाऊक होती, पण त्याहून जुनं काही अधिक पक्कं ठाऊक होतं. दुसऱ्या घरांत बोलणं सुरू झालं. नंतर न्यायालयात ज्या साक्षी झाल्या, त्या याच तासांच्या. बाहेरगावी असलेल्या आईवडिलांचे फोन येत होते, जागं राहा, बाहेर पडा. आणि मुलं उत्तर देत होती की शास्त्रज्ञांनी सांगितलंय, उलट चांगलं आहे.

शहरातल्या एका शल्यचिकित्सकाची साक्ष मला विसरता येत नाही. लहानपणी धक्का बसला की त्यांचे वडील सगळ्यांना घराबाहेर काढत. त्या रात्रीही त्यांची बायको घाबरली होती, तिला बाहेर जायचं होतं. ते डॉक्टर, विज्ञानावर विश्वास असलेला माणूस. आठवडाभर ऐकलेलं त्यांनी तिला समजावून सांगितलं: जितके धक्के जास्त, तितकी ऊर्जा बाहेर पडते, धोका तितका कमी. ते, बायको आणि मुलगी, तिघं घरातच थांबले.

शहराची रीत मोडली ती इथं. अडाणी माणसांनी आंधळेपणानं मोडली नाही. शिकलेल्या माणसांनी, विज्ञानाला मान देऊन मोडली. आयोगाचा शब्द ज्यांना सर्वांत मोलाचा वाटत होता, तेच घरात राहिले.

२ तास ५३ मिनिटं आधी. मध्यरात्रीनंतर १२.३९

आणखी एक धक्का, ३.५ तीव्रतेचा. पहिल्यापेक्षा हलका. याचा अर्थ काहींनी उतरती कळा असा लावला. काही जण थोडा वेळ रस्त्यावर येऊन थंडीनं काकडत परत वर गेले. एप्रिल असला तरी लाक्विला सातशे मीटर उंचीवर आहे, रात्री गारठा असतो. नागरी संरक्षणाची गाडी फिरली नाही, भोंगा वाजला नाही, मैदानात तंबू नव्हते. ‘परिस्थिती अनुकूल’ असल्यावर तंबू कोण ठोकणार?

सोमवार, ६ एप्रिल, पहाटेचे ३.३२

भूकंप ६.३ तीव्रतेचा. जमिनीखाली साधारण नऊ-दहा किलोमीटरवर, जवळपास शहराच्या पायाखालीच भूस्तर सरकला. जोराचं हलणं अर्ध्या मिनिटाच्या आत संपलं.

जुन्या गावातल्या दगडी भिंती बाहेरच्या बाजूला उघडल्या आणि मजले आत पडले. पण मेलेले सगळे जुन्या घरांतले नव्हते. १९५० आणि १९६० च्या दशकांत घाईघाईनं उठलेल्या काँक्रीटच्या इमारती एकावर एक मजला येऊन चपट्या झाल्या. काम्पो दी फोस्सा रस्त्यावरच्या एकाच इमारतीत २७ माणसं गेली. विद्यार्थ्यांच्या वसतिगृहाचा एक भाग कोसळून आठ विद्यार्थी मेले. जवळच्या ओन्ना या छोट्या गावात सुमारे ४० जण. सगळ्यांनी जुनी रीत पाळली असती तर शहरात एकही माणूस दगावला नसता, असं मी म्हणत नाही. धक्क्यानंतर बाहेर झोपायची रीत पाळणारे शहर रिकामं करत नव्हते, आणि झोपेत सापडलेल्यांना कुठलीच रीत वाचवत नाही. पण पावणेअकराच्या धक्क्यानंतर जे दारापर्यंत जाऊन मागं फिरले, त्यांची गोष्ट वेगळी.

संकटात ज्या इमारतीतून मदतकार्याची सूत्रं हलायची, ती प्रशासनाची इमारतच पडली. दारावरची ‘शासकीय प्रासाद’ ही अक्षरं तुटलेल्या खांबांवर लोंबत असल्याचं छायाचित्र तेव्हा जगभर छापलं गेलं. इस्पितळाची इमारत इतकी तडकली की जखमींना तंबूत घ्यावं लागलं. सूत्रं शहराबाहेर कोप्पितोच्या पोलीस प्रशिक्षण शाळेतून हलू लागली. दीड हजाराहून जास्त जखमी, साठ हजारांवर बेघर. शल्यचिकित्सक ढिगाऱ्याखालून जिवंत निघाले. त्यांची बायको आणि मुलगी निघाल्या नाहीत.

त्याच दिवशी, नंतर

३१ मार्चच्या बैठकीचं इतिवृत्त तोवर पक्कं झालेलं नव्हतं. त्यावर सह्या झाल्या त्या ६ एप्रिलला, भूकंपानंतर. बोस्कींचं ते ‘पूर्णपणे नाकारता येत नाही’ कागदावर रुजू झालं ते शहर पडल्यावर.

पुढची वर्षं

खटला २०११ च्या सप्टेंबरात सुरू झाला. २२ ऑक्टोबर २०१२ ला न्यायाधीश मार्को बिल्ली यांनी सातही जणांना प्रत्येकी सहा वर्षांची शिक्षा दिली. भाकीत केलं नाही हा आरोपच नाही, असं त्यांनी स्पष्ट लिहिलं. जोखमीचं मूल्यमापन वरवरचं केलं आणि लोकांपर्यंत धीराचा संदेश जाऊ दिला, हा दोष. सगळ्या मृत्यूंचा भार त्यांच्यावर टाकला नव्हता. त्या संदेशामुळं जे घरात थांबले असं साक्षींवरून दिसलं, अशा २९ जणांचा प्रश्न होता. निकालाच्या दुसऱ्याच दिवशी आयोगाचे तेव्हाचे अध्यक्ष, भौतिकशास्त्रज्ञ लुचानो मायानी यांनी राजीनामा दिला. अशा भीतीत शास्त्रज्ञ सरकारला सल्ला देऊ शकत नाहीत, असं त्यांचं म्हणणं होतं. २०१४ च्या नोव्हेंबरात वरच्या न्यायालयानं सहा जणांना निर्दोष सोडलं आणि दे बेर्नार्दिनिस यांची शिक्षा दोन वर्षांवर आणली. वर्षभरानं सर्वोच्च न्यायालयानं तेच कायम केलं.

सहा वर्षांचा तुरुंग मला मान्य नव्हता. सल्ला देणाऱ्याच्या डोक्यावर कोठडी टांगली, तर उद्या प्रत्येक तज्ज्ञ प्रत्येक गोष्टीला ‘धोका आहे’ म्हणून मोकळा होईल, आणि लोक ऐकायचे बंद होतील. पण सहा जण सुटले म्हणजे त्यांचं काम नीट झालं, हेही मला मान्य नाही. तुरुंग आणि शाबासकी यांच्या मध्ये फार मोठी जागा आहे, आणि तज्ज्ञ समित्यांचं काम तिथंच तपासायचं असतं.

भूकंपानंतर लगेच इटलीनं थॉमस जॉर्डन यांच्या अध्यक्षतेखाली वेगवेगळ्या देशांतल्या भूकंपशास्त्रज्ञांचा एक आयोग नेमला. २०११ साली आलेल्या त्याच्या अहवालाचा गाभा असा: बदलत्या शक्यतेचे आकडे नियमितपणे, अधिकृत स्रोतातून, शांततेच्या काळातही लोकांना द्या, म्हणजे गडबडीच्या काळात अफवांसाठी पोकळी उरत नाही. शक्यता सांगणारे आणि कृती ठरवणारे यांची कामं वेगळी ठेवा. आकडा एक टक्क्याच्या आत असला, तरी तो दडवू नका; एवढ्याशा आकड्यावर शहर रिकामं करता येत नाही, पण आज रात्री कुठं झोपायचं, हे घरातला माणूस त्यावरून ठरवू शकतो.

३१ मार्चच्या संध्याकाळी आयोगाला यासाठी कुठल्याही नव्या संशोधनाची गरज नव्हती. मोठा भूकंप येईल की नाही ते आम्हाला सांगता येत नाही. शक्यता थोडी आहे, पण गेल्या वर्षी याच दिवसांत होती त्याहून बरीच जास्त आहे, आणि लहान धक्क्यांनी ती कमी होत नाही. तुमचं घर जुनं दगडी असेल किंवा साठच्या दशकातल्या काँक्रीटचं असेल, तर जोराच्या धक्क्यानंतर तुमचे वाडवडील करत होते तसं रात्री बाहेर थांबणं शहाणपणाचं आहे. हे सगळं त्या टेबलाशी बसलेल्यांना ठाऊक होतं. ते साडेसात वाजता बोस्कींनी, काल्वींनी, सेल्वाज्जींनी स्वतः कॅमेऱ्यासमोर बसून सांगायचं होतं, आणि मगच रोमची गाडी धरायची होती.